दार कोणी वाजवायचं

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. डॉक्टरने, त्यातही मनाच्या डॉक्टरने, असं कबूल करायची रीत नाही. पण मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, आता माझं कोणी काय वाकडं करणार? ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून पुढची चार-पाच वर्षं एडिनबरामध्ये मी रोज घाबरलेली असे. सकाळी बसमध्ये, दुपारी वॉर्डात, संध्याकाळी घरी कुकरच्या शिट्ट्या मोजताना. घाबरलेले सगळेच होते, पण बाकीच्यांची भीती उघडी होती. माझी मी घडी घालून कपाटात ठेवली होती.

शहरात एड्स आला होता. नशेची इंजेक्शनं घेणाऱ्या तरुण मुलामुलींनी एकमेकांच्या सुया वापरल्या होत्या आणि आता त्यांचे रक्ताचे रिपोर्ट एकामागून एक पॉझिटिव्ह येत होते. औषध नव्हतं. रिपोर्ट हातात घेऊन समोर बसलेल्या माणसाला काय सांगायचं, हेही कोणाला ठाऊक नव्हतं. सरकारने घरोघरी माहितीपत्रक टाकलं, तेव्हा माझ्या शेजारच्या म्हातारबाईंनी ते शेगडीच्या चिमट्याने उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून वर झाकण लावलं. मी खिडकीतून पाहत होते. मला हसू आलं आणि लगेच विरलंही, कारण आमच्या दारातलं पत्रक मीही अजून उचललेलं नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये मी असोसिएट स्पेशालिस्ट होते. म्हणजे कन्सल्टंटची सगळी कामं करायची, पण कन्सल्टंटची खोली आणि मान मागायचा नाही. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या डॉक्टरांसाठी ती पोस्ट जणू राखून ठेवलेली असे. एक दिवस हेल्थ बोर्डाचं पत्र आलं: या साथीच्या काळात आणि साथ ओसरल्यावरही प्रौढ रुग्णांच्या मनाची काळजी कशी घ्यायची याची योजना आखायची आहे, मानसोपचार विभागाने एक डॉक्टर द्यावा. विभागाच्या बैठकीत पत्र वाचून झालं तेव्हा सगळे कन्सल्टंट एकदम आपापल्या डायऱ्यांत डोकं घालून बसले. मी डायरी आणायला विसरले होते. अशा तऱ्हेने लष्कराच्या भाकऱ्या भाजायचं काम माझ्याकडे आलं.

समितीत आम्ही चौघं. बोर्डाचा एक उंच, वाळलेला अधिकारी, जो प्रत्येक बैठकीत 'किती जण असतील?' असं विचारी आणि उत्तर मिळालं नाही की खिडकीबाहेर बघत बसे. संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डातली सिस्टर, कमी बोलणारी. कौन्सिलची एक सोशल वर्कर, पन्नाशीची, आडव्या बांध्याची, सिगारेट ओढून आवाज जाडा झालेली. आणि मी. दर मंगळवारी दुपारी आम्ही एका थंडगार खोलीत बसत असू. अधिकाऱ्याने एक मोठा तक्ता आणला होता. पुढच्या पाच वर्षांत किती रुग्ण, किती जणांना नैराश्य, किती जणांना वेड लागल्यासारखं होईल, किती जणांची काळजी घ्यायला घरात कोणीच नसेल, अशी घरं त्यात आखलेली होती. घरं रिकामी होती. त्या तक्त्याकडे मला बघवत नसे. भरलेला तक्ता कितीही वाईट असला तरी माणूस त्याच्यापाशी बसू शकतो. रिकाम्या तक्त्यात आपण काय काय भरतो ते आपलं आपल्यालाच माहीत.

घरी माझं निराळंच चाललं होतं. दिवसभर मी रुग्णांच्या आयांना समजावत असे: त्याच्या कपातून चहा प्या, त्याला जवळ घ्या, स्पर्शाने काही होत नाही. संध्याकाळी घरी आले की कोट बाहेरच्या खुंटीला, कपडे सरळ मशीनमध्ये आणि मी बाथरूममध्ये, थेट डोक्यावरून पाणी. मयताहून आल्यावर करतात तसं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! एकदा सात वर्षांची लेक धावत येऊन बिलगायला लागली आणि माझ्या तोंडून निघालं, "थांब, शिवू नकोस." हा शब्द आमच्या सांगलीच्या घरात वडिलांनी हद्दपार केला होता. ते हयात असते तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं. लेकीला त्या शब्दाचा अर्थही माहीत नव्हता, ती नुसतीच थांबली.

नवरा भुलीचा डॉक्टर. स्वभावाने शांत, सोलापुरी चादरीसारखा. त्याने बाथरूमच्या दाराबाहेर एक जादा टॉवेल ठेवायला सुरुवात केली, बोलला काही नाही. आमच्या घरात न बोलून बरंच काही चालत असे.

योजनेचा पहिला मसुदा मी लिहिला. मला त्याचा फार अभिमान होता. माझं म्हणणं असं होतं की ही माणसं आजाराने मरायच्या आधी लाजेने मरतील. शेजाऱ्याला कळलं की खिडकीवर दगड, मालकाला कळलं की नोकरी गेली, हे आम्ही रोज ऐकत होतो. म्हणून आमच्या क्लिनिकला पाटी नको. दार मागच्या बाजूला, लॉन्ड्रीच्या शेजारी. कोणाचं नाव विचारायचं नाही, पत्ता विचारायचा नाही. फक्त एक नंबराचं कार्ड द्यायचं. घरी पत्र जाणार नाही, फोन जाणार नाही, फॅमिली डॉक्टरला कळवायचं नाही. आमच्याकडून कोणीही, कधीही, कोणाच्या घरी जाणार नाही.

"आणि ठरलेल्या दिवशी कोणी आलंच नाही तर?" सोशल वर्करने विचारलं. "आपण कोणाचं दार वाजवायचं?"

"कोणाचंच नाही," मी म्हटलं. "तोच तर मुद्दा आहे."

"माझ्या कामात उलटं आहे डॉक्टर. जो येत नाही, त्याच्याकडेच आधी जावं लागतं."

"तुमच्या कामात लाज हा विषय नसेल." मी हे जरा जोरातच म्हटलं. "मी लाजेत वाढलेय. मला माहितेय ती काय करते."

तिने सिगारेट विझवली आणि वाद सोडून दिला. अधिकाऱ्याला योजना आवडली, कारण पत्रं नाहीत म्हणजे टपाल नाही आणि फायली कमी. मसुदा पास झाला.

लाजेत वाढलेय, हे मी खरंच बोलले होते. पण अर्धंच.

मला एक मोठा भाऊ होता. दादा. हुशार, हळवा, दोन वर्षं घरात बसून असलेला. त्याला आवाज ऐकू येत. आई म्हणे, "झाकली मूठ सव्वा लाखाची," आणि पाहुणे आले की दादा मागच्या खोलीत जाई. त्याला सांगावं लागत नसे, बेल वाजली की तो आपला आपण उठे. मी मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला होते, माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं आणि वेडाचं घराणं असं नाव झालं की संपलंच. एका आठवड्यात दादा एकदम निवांत झाला. नीट जेवला. शेजाऱ्यांचा सायकलचा पंप, कोणाची छत्री, वाचनालयाची पुस्तकं, सगळं नेऊन परत करून आला. माझ्या पुस्तकांना त्याने खाकी कव्हरं घातली. आम्हाला वाटलं, सुटलो, उतार पडला. शुक्रवारी सकाळी तो फिरायला गेला तो आला नाही. रविवारी मला बघायला मंडळी येणार होती. आईवडिलांनी शुक्रवारी कोणाला विचारलं नाही, शनिवारी कोणाला विचारलं नाही, पोलिसांत गेले नाहीत. रविवारी मी साडी नेसून पोहे दिले. संध्याकाळी तो नदीत सापडला. पाय घसरला, असं सगळ्यांना सांगायचं ठरलं, आणि मीही ते सांगू लागले. ते स्थळ तर जमलं नाहीच. दोन वर्षांनी ज्याच्याशी लग्न झालं त्या माझ्या नवऱ्यालाही मी हेच सांगितलं होतं: पाय घसरला.

म्हणजे गप्प बसण्याची किंमत काय, हे समितीतल्या त्या चौघांत एकट्या मला माहीत होतं. आणि तरी ती योजना मी लिहिली. आजही याचं मला नवल वाटतं आणि रागही येतो. माणूस ज्याने पोळतो तेच औषध म्हणून दुसऱ्याला देतो की काय, कोण जाणे.

क्लिनिक सुरू झालं. लॉन्ड्रीच्या वाफेचा वास सतत. माणसं येत, मान खाली घालून, कार्ड दाखवून. तेवीस नंबरची बाई दर गुरुवारी दोन वाजता येई. वय एकोणतीस, लालसर केस, डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग. चार वर्षांपूर्वी तिने नशा सोडली होती, स्वतःच्या हिमतीवर, आणि एका बेकरीत माल भरायचं काम करत होती. सगळं मार्गी लागल्यावर रिपोर्ट आला. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "म्हणजे तुमच्यापैकी कोणी माझ्या घरी येणार नाही?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

"कधीच नाही?"

"कधीच नाही. माझा शब्द."

तिने मान हलवली. मला वाटलं, किती मोठं ओझं उतरलं बिचारीचं.

तिसऱ्या की चौथ्या भेटीत तिने कागदी पिशवी आणली. बेकरीतली मोडकी शॉर्टब्रेडची बिस्किटं, विकता येत नाहीत म्हणून कामगारांना वाटून देत ती. "मी हात धुऊन भरलीत," ती म्हणाली. मी हसून पिशवी घेतली, आभार मानले आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. नंतर खाते म्हटलं. खाल्ली नाहीत. बिस्किटातून काही होत नाही हे मी स्वतः पत्रकात लिहिलं होतं, त्या पत्रकाचा गठ्ठा त्याच ड्रॉवरमध्ये होता. पिशवी त्याच्यावर पडून राहिली. फेकायची लाज वाटली आणि खायची भीती. पुढच्या गुरुवारी तिने "कशी होती?" विचारलं तेव्हा मी "छान" म्हणाले. ती माझ्याकडे बघत राहिली.

मग नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी ती आली ती अगदी हलकी होऊन. केस विंचरलेले. "आता बरं वाटतंय डॉक्टर," ती म्हणाली. "सगळं जागच्या जागी लागलं." मांजर खाडीपलीकडे फाइफला बहिणीकडे देऊन आले, म्हणाली, तिच्या मुलांना आवडतं. लायब्ररीची पुस्तकंही परत केली. मला मनापासून आनंद झाला. मी कागदावर लिहिलं: प्रसन्न, झोप बरी, मांजर दिलं, पुस्तकं परत केली, सुधारणा. हे मी लिहिलं, सांगलीच्या त्या घरात वाढलेल्या मी.

पुढच्या गुरुवारी दोन वाजले. सव्वादोन. ती कधी उशीर करत नसे. अडीच वाजता मी तिचा कागद समोर घेतला आणि माझंच अक्षर वाचलं. मांजर दिलं. पुस्तकं परत केली. वाचता वाचता मला दादाचा तो आठवडा आठवला. सायकलचा पंप, छत्री, खाकी कव्हरं. मी खुर्चीवरून उठले. मला ओरडायचं होतं, पण कोणाच्या नावाने ओरडणार? तिचं नाव मला माहीत नव्हतं.

रिसेप्शनच्या मुलीकडे फक्त नंबर. मी संसर्गजन्य वॉर्डात फोन केला. सिस्टर म्हणाली, "रक्त तपासतानाही आपण नाव घेत नाही डॉक्टर, तुमच्याच नियमाप्रमाणे." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तरी मला बसायचा तो बसला. फॅमिली डॉक्टर कोण ते माहीत नाही. पोलिसांना सांगायचं तर काय सांगायचं, तेवीस नंबर हरवली आहे? मी इतकी चोख भिंत बांधली होती की तिच्यात एक फटसुद्धा ठेवली नव्हती.

शेवटी सोशल वर्करला फोन लावला. तिने 'मी सांगितलं होतं' असं म्हणावं म्हणून मी दोन क्षण थांबले. ती म्हणाली, "तुम्हाला तिच्याबद्दल काय काय माहीत आहे? सगळं सांगा, फालतू वाटलं तरी."

लाल केस, भाजल्याचा डाग, फाइफची बहीण, मांजर, बेकरी.

"कुठली बेकरी?"

"ते विचारायचं नव्हतं ना," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता ड्रॉवर उघडला. पिशवी होती. मुरगळलेली, तेलाचे डाग पडलेली. तिच्यावर निळ्या शाईत बेकरीचं नाव आणि बंदराजवळच्या लीथ भागातल्या रस्त्याचा पत्ता छापलेला होता. मी ती बिस्किटं माणसासारखी खाल्ली असती तर पिशवी कधीच कचऱ्यात गेली असती. माझा भित्रेपणा त्या दिवशी उपयोगी पडला, पण त्याचं कौतुक मला कधी करता आलं नाही.

सोशल वर्कर वीस मिनिटांत तिची छोटी गाडी घेऊन आली. साडेतीनलाच अंधारायला लागलं होतं, तिकडे नोव्हेंबरात तसंच असतं. बारीक पाऊस. मी मांडीवर पिशवी घट्ट धरून बसले होते. ती गाडी चालवत म्हणाली, "बेकरीत मी बोलू शकत नाही. तिथे सगळे मला ओळखतात. मी ज्याची चौकशी करते त्याच्या मागे काय लागलंय हे लगेच कळतं. तुम्हाला जावं लागेल."

"मी काय सांगू? मी डॉक्टर आहे म्हटलं तरी तेच."

"काहीतरी खोटं सांगा."

खोटं बोलायचा आमच्या घराण्याला चांगला सराव होता. दुकानात शिरता शिरता मी हातमोजे काढले. पिठाने पांढरा झालेला मालक काउंटरमागे होता. मी म्हटलं, तुमच्याकडे एक लाल केसांची मुलगी काम करते ना, मनगटावर डाग असलेली? ती परवा बसमध्ये माझ्या शेजारी बसली होती, तिचे हातमोजे राहिले. हातात तुमची पिशवी होती म्हणून आले शोधत.

"ठेवा इथे, देईन," तो म्हणाला.

मी हातमोजे हातातच ठेवले. "आज आहे का ती? मीच देते हातात."

"मंगळवारपासून पत्ता नाही. निरोप नाही, काही नाही." तो वैतागलेला होता. मग माझ्या तोंडाकडे बघून की काय, त्याचा सूर बदलला. "इथून जवळच राहते. चांभाराच्या दुकानाच्या वर, तिसरा मजला. जातच असाल तर सांगा, काय ते कळव म्हणावं." आणि त्याने तिचं नाव सांगितलं. ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. इथे लिहीत नाही.

मंगळवारपासून. मी मनात हिशेब करत होते: मंगळवार, बुधवार, गुरुवार. शुक्रवार, शनिवार, रविवार. तीनच दिवस.

दगडी इमारत, गोल जिना, मांजराच्या मुताचा आणि ओल्या कपड्यांचा वास. दुसऱ्या मजल्यापर्यंत मी धावत गेले आणि तिथे थांबले. पुढचा पाय उचलेना. वर गेलं की जे असेल ते असेल, खाली उभी राहीन तोवर काहीच झालेलं नाही, असं मला स्पष्ट वाटत होतं. आई तीन दिवस का गप्प बसली, हे मला त्या जिन्यात पहिल्यांदा कळलं. लग्नासाठी नाही, निदान नुसतं लग्नासाठी नाही. विचारलं नाही तोवर तो फिरायला गेलेला होता. सोशल वर्कर धापा टाकत मागून आली आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. ढकललं नाही, नुसता ठेवला. आम्ही वर गेलो.

दार वाजवलं. काही नाही. पुन्हा वाजवलं. आत दिवा नव्हता. सोशल वर्कर हळूच म्हणाली, "पोलिसांना बोलवू या. दार तोडावं लागेल." मी गुडघे टेकून पत्र टाकायच्या फटीपाशी तोंड नेलं. आतून गार हवा आली. इतक्या वर्षांत शिकलेलं एकही वाक्य आठवेना.

"मी आहे," मी म्हटलं. "गुरुवारची डॉक्टर. तुमची बिस्किटं मी खाल्ली नाहीत. मला भीती वाटली. खोटं बोलले मी, छान होती म्हणून. पिशवी अजून तशीच आहे, घेऊन आलेय."

कितीतरी वेळ काही झालं नाही. मग आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो आवाज ऐकून मी तिथेच फरशीवर बसून रडायला लागले, तेही आवाज करून. सोशल वर्करने मला बखोटीला धरून उभं केलं.

तिने दार उघडलं. अंगात कोट, पायात बूट, जणू कुठे निघाली होती. चेहरा राखेसारखा. तीन दिवस ती त्या खोलीत बसून होती. मागे टेबलावर बहिणीच्या नावाचं बंद पाकीट होतं.

"मला माहीत होतं तुम्ही खाल्ली नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही शब्द दिला होता, कोणी येणार नाही म्हणून."

"हो."

"मी पहिल्या दिवशी तेच विचारलं होतं. कोणीच येणार नाही? कधीच नाही?" ती दाराची चौकट धरून उभी होती. "मला वाटलं, तुम्ही म्हणाल की येऊ. गरज पडली तर येऊ."

सोशल वर्कर आम्हा दोघींच्या मधून आत गेली आणि तिने केटल लावली. चहा झाला. मी पिशवी उघडली. बिस्किटं दगडासारखी झाली होती. मी एक चहात बुडवलं आणि खाल्लं, मग दुसरं खाल्लं. ती बघत होती. "हे वाईट लागत असेल," ती म्हणाली. मी म्हटलं, हो, फारच. मग ती किंचित हसली. हॉस्पिटलमध्ये यायला तयार व्हायला तिला आणखी दोन तास लागले. ते दोन तास आम्ही तिघी तिथेच बसून होतो.

मंगळवारच्या बैठकीत मी उभी राहिले आणि माझीच योजना फिरवायला सांगितली. अधिकारी म्हणाला, आत्ताच तर पास केलीय. मी म्हटलं, चुकीची पास केलीय, मीच चुकीची लिहिली होती. मला वाटलं होतं हे म्हणताना जीव जाईल. तसं काही झालं नाही. सोशल वर्कर तिच्या कागदावर रेघोट्या मारत होती, तिने मान वर केली नाही. पाटी नसलेलं दार तसंच ठेवलं, लोकांना ते हवं होतं. पण कार्डासोबत एक कागद आला, रुग्णाने भरायचा, बंद पाकिटात राहणारा आणि गरज पडली तरच उघडायचा, आणि त्यावर एक प्रश्न. तो नीट कसा विचारायचा यावर मी आठवडाभर घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद खराब करत होते. शेवटी साधाच ठेवला: तुम्ही आला नाहीत, तर तुमचं दार कोणी वाजवायचं?

नवरा चहा घेऊन आला आणि माझ्या खांद्यावरून वाकून त्याने तो वाचला. बराच वेळ वाचत राहिला, एवढी एकच ओळ.

"तुझ्या दादाच्या वेळी असं कोणी विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

मी पेन खाली ठेवलं. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. "तुम्हाला काय माहीत आहे?"

"सगळंच. आत्या सांगलीचीच ना माझी. लग्न ठरायच्या आधीच कळलं होतं."

"अहो, मग बोलला का नाहीत कधी?"

"तुला वाईट वाटेल म्हणून." त्याने कप माझ्यासमोर सरकवला. "तू पाय घसरला म्हणायचीस, मी बरं म्हणायचो. मला वाटलं, तुला तेच हवंय."

मला त्याचा इतका राग आला की मी त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉस्पिटलमधून आले, कोट काढायच्या आधी लेकीला जवळ घेतलं आणि मग त्या दोघांना बसवून दादाची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली, पंपापासून. नवऱ्याला माहीत होती, तरी तो पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकत होता.

भीती गेली असं मात्र नाही. त्यानंतरही दर गुरुवारी दोन वाजून पाच मिनिटं झाली की माझी नजर घड्याळावर जाई. तक्त्यातली घरं हळूहळू भरली, काही आम्ही धरलं त्याहून कमी आणि काही जास्त. समितीतले लोक बदलले. नव्वदनंतर सोशल वर्कर निवृत्त झाली, तेव्हा तिने मला तिची जुनी गाडी विकायचा प्रयत्न केला.

तेवीस नंबरच्या बाईने तो कागद भरला होता. त्या ओळीवर तिने दोन नावं लिहिली होती, बहिणीचं आणि खाली माझं. पुढच्या सहा वर्षांत मी ते तिसऱ्या मजल्यावरचं दार तीनदा वाजवलं. दोनदा तिने उघडलं, एकदा तर पिठाच्या हातांनी, आणि उगाच घाबरता म्हणून मला रागावली. तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हा बहिणीने उघडलं. ती म्हणाली, "आत या, ती तुमची वाट बघत होती, आत्ताच गेली."